चित्रातून निघून गेलेली माणसे

आयरिश निसर्गचित्रकार पॉल हेन्री (१८७६–१९५८) यांचे नाव घेताच रसिकांना आठवतात ते निळे डोंगर, ढगांच्या राशी आणि गवताने शाकारलेली पांढरी घरे. आम्हांला मात्र त्यांचे १९१२ सालचे ‘द पोटॅटो डिगर्स’ हे तैलचित्र अधिक मोलाचे वाटते. पॅरिसमध्ये शिकलेले हेन्री १९१० साली अ‍ॅकिल बेटावर गेले. तेथील शेतात बटाटे काढणाऱ्या स्त्रिया त्यांनी रंगवल्या, त्या फ्रेंच चित्रकार मिले यांचा संस्कार घेऊन. येथे भूमी दिसते ती राबणाऱ्या देहांमुळे.

१९१९ साली त्यांनी बेट सोडले. पुढच्या चित्रांतून माणसे बहुतांशी नाहीशी झाली. उरली ती घरे आणि आभाळ. १९२०च्या दशकात कॉनेमाराचे असेच निर्मनुष्य दृश्य रेल्वेच्या जाहिरातफलकावर झळकले आणि लोकप्रिय झाले. पण १८४५ नंतरच्या दुष्काळाने आणि स्थलांतराने हाच पश्चिम आयर्लंड ओस पाडला होता. त्या ओसाडीलाच प्रवाशांनी ‘शांतता’ मानावे, हे आम्हांला खटकते. हेन्रींचे रंगकौशल्य आम्ही नाकारीत नाही. मात्र निसर्गवर्णनाचा आस्वाद घेताना, मग ते चित्रातले असो वा कवितेतले, ‘इथली माणसे कुठे गेली?’ हा प्रश्न समीक्षेने विचारलाच पाहिजे.