हरिपाठ तोंडपाठ आहे, मग विसरभोळेपणा कसला?



सध्या ओपीडीत दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली पंचेचाळीस-पन्नाशीची. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, गाडीची किल्ली सापडत नाही, म्हणून घाबरलेली. मोबाईलवर काहीतरी वाचलेलं असतं आणि विचारतात, "डॉक्टर, अल्झायमरसाठी 'पी-टाऊ' नावाची रक्ताची तपासणी निघालीय म्हणे. करून टाकू का?" दुसरी माणसं वडिलांना बीपीसाठी घेऊन आलेली असतात. म्हातारे तेच तेच विचारतायत, हे माझ्या लक्षात येतं. मी विषय काढला की मुलगा म्हणतो, "छे हो, आमच्या आबांना काही झालेलं नाही. अख्खा हरिपाठ तोंडपाठ म्हणतात अजून!"

माझं मत स्पष्ट सांगतो. पहिल्यांनी ही तपासणी करू नये. आणि दुसऱ्यांनी हरिपाठाच्या भरवशावर राहू नये. दोन्हींचं कारण एकाच प्रथिनात आहे, ते म्हणजे टाऊ.

आपल्याकडे कार्यक्रमाला बांबूचा मांडव घालतात, तो डोळ्यांसमोर आणा. बांबू उभे-आडवे लावतात आणि काथ्याने आवळून बांधतात. मेंदूच्या पेशींच्या लांबलचक तंतूंमध्ये असेच अतिसूक्ष्म नळ्यांचे बांबू असतात. त्यांच्यावरून पेशीचा माल इकडून तिकडे जातो. या नळ्यांना धरून ठेवणारा काथ्या म्हणजे टाऊ. १९७५ साली अमेरिकेत त्याचा शोध लागला.

काथ्याची गाठ कधी आवळावी लागते, कधी सैल करावी लागते. पेशी हे काम फॉस्फेट नावाचा रासायनिक कण टाऊवर चिकटवून किंवा काढून करते. यालाच फॉस्फोरिलेशन म्हणतात. काही एन्झाइम फॉस्फेट चिकटवतात, काही काढतात. हे रोज, तुमच्या-माझ्या मेंदूत चालू आहे. गर्भातल्या बाळाच्या मेंदूत तर टाऊवर भरपूर फॉस्फेट असतात. थंडीभर झोपून राहणाऱ्या काही खारींच्या मेंदूतही ते वाढतात आणि जाग आली की उतरतात. म्हणजे फॉस्फेट दिसला की आजार झाला, असं गणित नाही.

अल्झायमरमध्ये हा तोल बिघडतो. चिकटवणारे जोरात आणि काढणारे थकलेले. टाऊवर नेहमीच्या तिप्पट-चौपट फॉस्फेट चढतात, तो नळ्यांवरून सुटतो आणि सुटलेला काथ्या एकमेकांत अडकून त्याचा गुंता होतो. इकडे मांडव खिळखिळा, तिकडे गुंत्याने पेशी भरलेली. शेवटी पेशी मरते. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका स्त्रीच्या मेंदूत हे गुंते पाहून त्यांचं वर्णन केलं होतं. ते टाऊचे आहेत हे कळायला मात्र १९८५-८६ साल उजाडलं. आजाराची सुरुवात बहुधा अमायलॉइड या दुसऱ्या प्रथिनापासून होते. ते पेशींच्या बाहेर वर्षानुवर्षं साचत राहतं. पण माणूस किती विसरतो, हे अमायलॉइडपेक्षा टाऊच्या पसरण्याशी जास्त जुळतं.

आता हरिपाठाकडे येऊ. टाऊचा गुंता मेंदूभर एकदम पसरत नाही, त्याची वाट बरीचशी ठरलेली असते. ब्राक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञ दांपत्याने १९९१ साली ती टप्प्यांत मांडली. सुरुवात कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागात होते. तिथून गुंता हिप्पोकॅम्पसमध्ये शिरतो. आज घडलेली गोष्ट पक्की करून ठेवण्याचं काम हिप्पोकॅम्पसचं. म्हणून आधी जातं ते सकाळचं जेवण, कालचा पाहुणा, गोळी घेतली की नाही. पन्नास-साठ वर्षं रोज म्हटलेला हरिपाठ, टाळाचा ठेका, काकड्याच्या चाली आता या भागावर फारशा अवलंबून उरलेल्या नसतात. तिथे गुंता उशिरा पोहोचतो. आबा हरिपाठ बिनचूक म्हणतात, त्याचा अर्थ जुनं शाबूत आहे, एवढाच. नवीन काही नोंदलं जातंय का, ते त्यावरून कळत नाही.

'अस्तु' हा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे त्यात अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताच्या भूमिकेत आहेत. त्या पंडितांची विद्या ओठांवर आहे, पण भर रस्त्यात ते एका हत्तीच्या मागे चालू लागतात आणि हरवतात. ज्यांना माझं वरचं पुराण कंटाळवाणं वाटलं, त्यांनी तो चित्रपट बघावा.

हरवण्याची गोष्ट पंढरपुरात मी हलक्याने घेत नाही. आषाढीला लाखो माणसं येतात, वाळवंटात आणि पासष्ट एकरात पाय ठेवायला जागा नसते. हरवलेल्यांची नावं ध्वनिक्षेपकावरून पुकारली जातात. पण स्वतःचं गाव किंवा मुलाचं नाव सांगता येत नसेल, तर पुकारणारा काय पुकारणार? विसराळू माणसाला वारीला नेऊ नका, असं मी कधीच म्हणत नाही. एकटं पाठवू नका, खिशात आणि गळ्यात फोन नंबर ठेवा, आणि दिंडीप्रमुखांना आजाराबद्दल आधीच सांगा. यात लाज कसली? डायबेटिस आहे हे सांगतोच ना आपण.

आता तपासणीचं. टाऊच्या ४४१ अमिनो आम्लांपैकी २१७ व्या जागेवर फॉस्फेट बसलेला टाऊ रक्तात मोजता येतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा एका चाचणीला मान्यता दिली. शास्त्र म्हणून मला तिचं कौतुक आहे. पूर्वी यासाठी पाठीतून पाणी काढावं लागे, नाहीतर महागडा पेट स्कॅन. पण मान्यता कोणासाठी आहे ते वाचा. वय ५५ किंवा त्याहून जास्त, विसराळूपणाची लक्षणं आहेत आणि तज्ज्ञांकडे तपासणी चालू आहे, अशा माणसांसाठी. किडनी कमजोर असली तरी हा आकडा वाढतो. किल्ली विसरणाऱ्या धडधाकट माणसाने हा रिपोर्ट काढला आणि तो वाढलेला आला, तर त्यावर देण्यासारखी गोळी माझ्याकडे नाही. टाऊवर नेम धरून बनवलेल्या काही औषधांनी मोठ्या चाचण्यांत निराशा केली आहे. लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही नवी औषधं अमायलॉइड काढतात. त्यांनी आजाराचा वेग थोडा कमी होतो, तोही सुरुवातीच्या टप्प्यातच. मेंदूला सूज येणं किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो.

टाऊपर्यंत जाण्याआधी साध्या गोष्टी तपासा, असा माझा आग्रह असतो. आपल्याकडे माळकरी मंडळी पुष्कळ. मांस-अंडी वर्ज्य, दूधही कमी, वर डायबेटिसची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. बी-१२ कमी व्हायला आणखी काय पाहिजे? बी-१२ कमी झालं की विसराळूपणा येतो आणि वेळेत इंजेक्शनं मिळाली तर तो बराच सुधारू शकतो. थायरॉइड, सोडियम, रात्रीची झोपेची गोळी, सर्दीची गुंगी आणणारी औषधं, जोडीदार गेल्यानंतरचं नैराश्य, सगळं बघावं लागतं. आणि कान. ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार! २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या अंदाजानुसार जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येण्यासारखे आहेत. कमी ऐकू येणं, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखूचा धूर, एकटेपणा ही त्या यादीतली नावं. किल्ली विसरणाऱ्या पंचेचाळिशीतल्या माणसाने आपले पैसे इथे खर्च करावेत.

भारतात साठीच्या पुढच्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना डिमेन्शिया असल्याचा २०२३ चा अंदाज आहे. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण त्यातले किती घरातच ठेवतो, ते तुम्हीच आठवून बघा.

तेव्हा आबांची परीक्षा हरिपाठावर घेऊ नका. दुपारी जेवायला काय होतं, कालची एकादशी होती की द्वादशी, हे सहज बोलता बोलता विचारा. पैशांचे हिशोब चुकतायत का, ओळखीच्या बोळात रस्ता चुकतो का, तोच प्रश्न तासाभरात चार वेळा येतो का, याकडे दोन-तीन महिने लक्ष ठेवा. असं दिसलं तर त्यांना घेऊन या. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा आणि जो रोज त्यांच्यासोबत राहतो त्यालाच पाठवा, बहुतेक वेळा ती घरची सून असते. आणि आबांच्या देखत त्यांच्या चुका मोजून दाखवू नका. ते बाहेर बाकावर बसले की मला सांगा.