उतारवयातील रंगसंगत



गेल्या पावसाळ्यात एके सकाळी मला एका आजींच्या घरी जावे लागले. वय ७६, जुना रक्तदाब, दोन्ही गुडघ्यांची झीज. रात्री स्नानगृहाकडे जाताना तोल जाऊन त्या पडल्या होत्या. मनगट सुजले होते. हाड मोडले नव्हते, हे नशीब. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहीत आहे.) मनगटाला पट्टी बांधली आणि सवयीप्रमाणे औषधांचा डबा पाहायला मागितला. त्यात झोपेच्या गोळ्यांचे पाकीट होते. ती गोळी मीच लिहून दिली होती. दिली तेव्हा दोन आठवड्यांपुरती होती. पुढे प्रत्येक भेटीत "झोप लागत नाही" ही तक्रार आली आणि प्रत्येक वेळी मी तीच ओळ चिठ्ठीवर पुन्हा लिहीत गेले. आठ महिने झाले होते. अशा गोळ्यांनी उतारवयात तोल जातो, स्मरण मंदावते, पडण्याचा धोका वाढतो, हे मला माहीत नव्हते असे नाही. बाहेर रुग्ण ताटकळत असताना आठ मिनिटे ऐकून घेण्यापेक्षा एक ओळ लिहिणे सोपे असते, एवढेच.

निघताना माझे लक्ष उंबरठ्याकडे गेले. तेथे प्लॅस्टिकची, चिकटवायची रांगोळी होती. मी सहज म्हटले, "छान आहे." आजी म्हणाल्या, "सूनबाई बिचारी चिकटवते, तिला तरी वेळ कुठे आहे? आणि मला आता ओणवे बसवत नाही. पण डॉक्टरीणबाई, ही पुसताच येत नाही. मग उद्या नवी काढायची कशी?"

मग त्यांनी कपाटातून एक वही काढून दाखवली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून भरत आलेली ठिपक्यांच्या रांगोळ्यांची वही. प्रत्येक पानावर शाईने मांडलेले ठिपके, कोपऱ्यात ओळींचा हिशेब, काही ठिकाणी ज्या मैत्रिणीकडून नमुना घेतला तिचे नाव. पाच दशके या बाई रोज रात्री झोपण्यापूर्वी उद्या दारात काय काढायचे हे ठरवत होत्या. गेली दोन वर्षे उद्यासाठी ठरवायचे असे काहीच त्यांच्याकडे उरले नव्हते, आणि त्या न येणाऱ्या झोपेवर मी गोळी देत होते.

उतारवयात दुखणी वाढतात, हे आपण सारेच पाहतो. पण निर्णय हळूहळू हातातून निसटतात, याकडे आपले लक्ष कमी जाते. भाजी कोणती आणायची, पैसे कोठे ठेवायचे, पंखा किती वेगाने फिरवायचा, हे सारे दुसरे कोणी तरी ठरवू लागते. चित्र, रांगोळी, विणकाम, भरतकाम यांत मात्र पुढची रेषा कोठे न्यायची, हे काढणाराच ठरवतो. माझ्या अल्पमतीप्रमाणे, दृश्यकलेचा वृद्धांना होणारा पहिला लाभ हाच आहे.

अभ्यास काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरील ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इंग्लंडमधील पन्नाशी ओलांडलेल्या ६,७१० व्यक्तींचा १४ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास आला. वस्तुसंग्रहालये, चित्रप्रदर्शने, नाटके, मैफली यांना दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये त्या काळातील मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळला. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांमध्ये १४ टक्क्यांनी.

हे आकडे पाहून लगेच हुरळून जाऊ नये. जो धडधाकट आहे, ज्याच्या खिशात पैसे आहेत आणि ज्याला सोबत आहे, तोच प्रदर्शनाला जातो, ही शंका रास्त आहे. संशोधकांनी आर्थिक स्थिती, आजार, हालचालीची क्षमता अशा अनेक गोष्टी हिशेबात घेतल्या. त्यानंतरही फरक उरला. तरीही अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. चित्र पाहिल्याने आयुष्य वाढते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण रंग आणि रेषा यांत मन गुंतवताना लक्ष, आखणी, स्मरण, हात आणि डोळा यांचा मेळ ही सारी कामे मेंदूला एकाच वेळी करावी लागतात. शिवाय घराबाहेर पाऊल पडते, चार माणसे भेटतात. या प्रत्येक गोष्टीचे मोल वैद्यकाला ठाऊक आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात तर २०१८ मध्ये डॉक्टरांनी रुग्णाला ललितकला संग्रहालयाच्या विनामूल्य भेटीची चिठ्ठी लिहून देण्याचा उपक्रम सुरू झाला.

"मला चित्र येत नाही"

हे वाक्य मला दवाखान्यात वारंवार ऐकू येते. त्यावर मी रवींद्रनाथ ठाकुरांचे उदाहरण देते. हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांवर रेघोट्या ओढता ओढता त्यांतून आकृती निघू लागल्या आणि वयाच्या साठीनंतर ते चित्रकलेकडे वळले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. मागे दोन हजारांहून अधिक चित्रे राहिली. आपण रवींद्रनाथ नाही, हे खरेच. पण सुरुवात खाडाखोडीतूनही होऊ शकते, एवढे तरी त्यातून घ्यावे.

दुसरी तक्रार हाताची. अमेरिकेत 'ग्रँडमा मोझेस' या नावाने प्रसिद्ध झालेल्या शेतकरी बाई भरतकाम करत असत. संधिवाताने सुई धरणे अवघड झाले तेव्हा सत्तरीच्या अखेरीस त्यांनी ब्रश हाती घेतला आणि १०१ वर्षांच्या आयुष्यात अखेरपर्यंत शेतावरची, खेड्यातली दृश्ये रंगवली. सुई सुटली, पण काम सुटले नाही. त्यांनी फक्त साधन बदलले. आपल्याकडेही हेच करता येते. बारीक पेन्सिलीभोवती जुन्या रुमालाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी. रुंद दांड्याचा ब्रश किंवा जाड खडू घ्यावा. वीस मिनिटे काम झाले की हात सैल सोडावेत.

तिसरी तक्रार डोळ्यांची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते. निळा, जांभळा हे रंग मंद दिसू लागतात, आणि त्याच कामाला पूर्वीपेक्षा अधिक उजेड लागतो. चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचे निदान झाले. पुढील वर्षांतील त्यांची चित्रे तांबूस-तपकिरी आणि धूसर होत गेली. भीतीपोटी टाळलेली शस्त्रक्रिया त्यांनी अखेर १९२३ मध्ये करून घेतली. आज ती शस्त्रक्रिया बहुधा त्याच दिवशी घरी पाठवणारी झाली आहे. म्हणून रंगपेटी विकत आणण्यापूर्वी आईवडिलांचे डोळे तपासून घ्यावेत. "आता रस वाटत नाही" असे म्हणणाऱ्या माणसाला कित्येकदा फक्त नीट दिसत नसते.

देताना मान राखावा

माझे आणखी एक रुग्ण, निवृत्त अभियंता. परदेशातील मुलाने त्यांना मोठ्यांसाठीचे रंगभरणाचे पुस्तक आणि छत्तीस पेन्सिली पाठवल्या. त्यांनी ते पुस्तक माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, मी काय बालवाडीत आहे?" त्यांचा राग मला पटला. मुलाचा हेतू चांगला होता. पण 'वेळ घालवायला काही तरी' या भावनेने दिलेली वस्तू ज्येष्ठांना लगेच ओळखू येते.

पुढे त्यांची नात त्यांना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घेऊन गेली. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीसाठी हे संग्रहालय उभे केले. तेथे राजेरजवाड्यांच्या ऐश्वर्यापेक्षा घरातल्या वस्तू अधिक आहेत: दिवे, अडकित्ते, भांडी, कोरीव दरवाजे. नात आजोबांना फिरवून आणायचे म्हणून गेली होती. तिने मला नंतर सांगितले की, अडकित्त्यांच्या कपाटापुढे आजोबा थांबले, त्यांच्या आईचा अडकित्ता कसा होता ते सांगू लागले, मग बिजागरी कशी बसवली आहे ते समजावू लागले. त्या दुपारी तीच त्यांची विद्यार्थिनी झाली. या गृहस्थांनी आजही ब्रश हातात घेतलेला नाही, आणि घ्यायलाही नको. कोणाला काढायला आवडते, कोणाला पाहायला. दोन्ही चालते.

घरच्यांनी काय करावे?

आधी विचारावे. "पूर्वी तुम्ही काय करत होता?" या प्रश्नातून जे निघते ते बाजारातून आणलेल्या छंदापेक्षा बहुधा टिकते. गोधडी, क्रोशाचे विणकाम, गणपतीची आरास, शाळेतले फलकलेखन, दिवाळीतला कागदी आकाशकंदील, लग्नघरातले रुखवत. हे सारे दृश्यकलेतच मोडते.

जमिनीवर बसण्याचा हट्ट धरू नये. कंबरेच्या उंचीचे टेबल, पाठीला आधार असलेली खुर्ची, खिडकीचा उजेड आणि बाजूला दिवा एवढे पुरे. दारात रांगोळी काढायचीच असेल तर रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे घेणाऱ्यांनी झटकन उठू नये. चक्कर येऊन पडण्याची भीती असते. गुळगुळीत फरशीवर सांडलेली भुकटी निसरडी असते आणि दम्याच्या रुग्णांना ती धूळ त्रास देते. त्यांच्यासाठी काळा पुठ्ठा आणि ओला रंग बरा.

प्रदर्शनाला न्यायचे असेल तर आधी फोन करून बाके, उद्वाहन आणि स्वच्छतागृह यांची चौकशी करावी. सगळी दालने पाहण्याचा अट्टहास नको. चार चित्रे निवडावीत, समोर बसावे आणि "कळले का?" असे न विचारता "तुम्हाला यात काय दिसते?" असे विचारावे. पहिला प्रश्न परीक्षा घेतो, दुसरा गप्पा सुरू करतो.

आणि एक गोष्ट वैद्य म्हणून. वर्षानुवर्षे ठिपके बिनचूक मांडणारी व्यक्ती अचानक मांडणी चुकवू लागली, कागदाचा एकच अर्धा भाग वापरू लागली, अक्षर दिवसेंदिवस बारीक होत गेले, तर हसण्यावारी नेऊ नये. यामागे पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश असू शकतो. कधी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा विकार असतो, ज्यांवर उपचार आहेत. बदल एकाएकी झाला असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

तसेच, उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, अन्न नकोसे झाले, "आता जगून काय करायचे" असे उद्गार येऊ लागले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तेथे रंगपेटी पुरी पडत नाही. डॉक्टरांकडे जावे, भारत सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही जवळ असू द्यावा. चालू असलेली कोणतीही औषधे, विशेषतः झोपेची गोळी, मनाने एकदम बंद करू नये.

आजींची गोळी आम्ही टप्प्याटप्प्याने, दहा आठवड्यांत थांबवली. नेत्रतज्ज्ञांनी दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. जेवणाच्या टेबलावर काळा पुठ्ठा आला. आता त्या संध्याकाळी खडूने नमुना मांडतात, आणि शनिवारी-रविवारी तो पाहून नात दारात खरी रांगोळी काढते. इमारतीतल्या दोघी-तिघी मंगळवारी दुपारी वही पाहायला येतात. गुडघे दुखतातच. रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्याच आहेत. झोप बरी लागते. याचे श्रेय एकट्या रांगोळीला देणे शास्त्राला धरून होणार नाही. डोळा सुधारला, गोळी गेली, माणसे येऊ लागली. कशाचा वाटा किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही.

मात्र माझ्या दवाखान्यातील एक सवय मी बदलली आहे. झोप येत नाही अशी तक्रार घेऊन ज्येष्ठ रुग्ण आले की चिठ्ठी ओढण्याआधी मी विचारते, "उद्या सकाळी काय करणार आहात?" आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आज रात्री हाच प्रश्न विचारून पाहावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.