मानधन की पगार?

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरकडे बाहेरचा माणूस वळतो तो सहस्रकुंडाचा धबधबा बघायला. परतताना एखाद्या तांड्यावरच्या अंगणवाडीतही डोकवावं. तिथल्या सेविकेनं पोरांना खाऊ घालायचं, त्यांची वजनं घ्यायची, गरोदर बायांच्या नोंदी ठेवायच्या, वर मोबाइलवर माहिती भरायची. काम नोकरीचं, मोबदल्याचं नाव मात्र ‘मानधन’! २ ऑक्टोबर १९७५ला अंगणवाड्यांची योजना सुरू झाली, तेव्हापासून सेविका ‘मानसेवी’च. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं पद सरकारी सेवेतलं मानलं नाही. पण एप्रिल २०२२मध्ये, गुजरातच्या प्रकरणात, त्याच न्यायालयानं सांगितलं की हे काम अर्धवेळ म्हणता येत नाही, मानधन हे वेतनच आहे आणि १९७२च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटी द्यावी लागेल. तरीही त्या सरकारी कर्मचारी झाल्या नाहीत. आशाताई तर अजून ‘स्वयंसेविका’च, बराचसा मोबदला कामागणिक. कुणाला कामगार म्हणायचं, याची कसोटी सोपी आहे: काम कोण सांगतं, तपासतं कोण, आणि काढून कोण टाकू शकतं? तिन्हींचं उत्तर सरकार असेल, तर मालकही सरकारच. मान हवाच, पण किराणा दुकानदार तो उधारीत वळता करून घेत नाही.