खान्यातला शब्द आणि पेढीचा हिशेब

सातारा-सांगली भागातील कापडाच्या पेढ्यांवर खतावणीच्या शेजारी संगणक येऊन आता बरीच वर्षे झाली. उधारीची यादी, मालाची आवक, ट्रान्सपोर्टच्या पावत्या हे सारे एक्सेलच्या तक्त्यात भरले जाते. पण भरलेले पुन्हा शोधायचे कसे, हे पुष्कळ दुकानांत फक्त ऑपरेटरला ठाऊक असते. तो आकडा सांगतो आणि मालक मान डोलावतो. आमच्या मते ही रीत व्यापाराला परवडणारी नाही. ज्याची उधारी अडकली आहे, शोधण्याची विद्याही त्याच्याच हाती असली पाहिजे.

विद्या फार मोठी नाही. तक्त्यातील एकेका चौकटीला सेल म्हणतात. आपण तिला खाना म्हणू. समजा, दुसऱ्या रकान्यात पार्टीचे नाव व पत्ता आहे आणि त्यात 'विटा' हा शब्द आहे की नाही हे पाहायचे आहे. त्यासाठीचे सूत्र असे: =इफ(इझनंबर(सर्च("विटा",बी२)),"होय","नाही"). येथे वाचण्याच्या सोयीसाठी आम्ही ते नागरीत दिले आहे; संगणकात सूत्रांची व रकान्यांची नावे इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागतात. यातील सर्च हा शब्द शोधतो. सापडला तर तो कितव्या अक्षरापासून सुरू होतो तो आकडा देतो, न सापडला तर चूक दाखवतो. इझनंबर फक्त एवढे विचारते की आकडा मिळाला का? त्यावरून इफ 'होय' किंवा 'नाही' लिहिते. एका ओळीत लिहिलेले सूत्र खाली ओढले की हजार ओळींचे उत्तर क्षणात तयार होते. फक्त किती खान्यांत शब्द आहे ते मोजायचे असेल तर काउंटइफ आणि त्या खान्यांसमोरच्या रकमांची बेरीज हवी असेल तर समइफ वापरावे. या दोहोंत शब्दाच्या मागे-पुढे एकेक फुली, म्हणजे "*विटा*" असे लिहावे लागते.

येथपर्यंत सारे सोपे आहे. अडचण पुढे आहे. सूत्र अक्षरे पाहते, गाव पाहत नाही. दिवाणजीला 'साताऱ्याचे दुकान' म्हटले की सातारा कळतो. सूत्राला कळत नाही, कारण 'साताऱ्याचे' या शब्दात 'सातारा' ही अक्षरे सलग येतच नाहीत. 'विट्याचे' या शब्दात 'विटा' नाही. उलट 'मिरजेचे' मात्र सापडते, कारण त्यात 'मिरज' शाबूत आहे. आपल्या भाषेत गावाचे नाव प्रत्यय लागताच रूप पालटते. इंग्रजीच्या सवयीने बनलेल्या साधनाला याची खबर नाही.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. 'मिरज' शोधला की कोल्हापुरात राहणारे मिरजकरही यादीत येतात. 'कराड' शोधला की कराडकर येतात. 'जत' शोधला तर 'रजत' नावाचे दुकानही जतचे ठरते. ज्या मुलखात निम्मी आडनावे गावांवरून पडली आहेत, तेथे पार्टीचे नाव आणि गाव एकाच खान्यात कोंबणे म्हणजे गोंधळाला आमंत्रण देणे होय.

आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना तिसरी अडचण लगेच उमगेल. शेख हे एकच नाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हेने लिहिले जाते. 'अजीज' नुक्त्यासह लिहिला तर सूत्राच्या लेखी तो दुसराच शब्द होतो. जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटात टाइप केलेल्या याद्या तर पडद्यावर मराठी दिसतात, पण आत अक्षरांचे संकेत निराळे असतात. आजच्या युनिकोडमध्ये 'सातारा' लिहून त्यात शोधले तर काही हाती लागत नाही.

गावांची नावेही बदलतात. २०२५ साली राज्य सरकारने सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. नावाबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो. पेढीपुढचा प्रश्न व्यवहाराचा आहे. जुन्या बिलांवर एक नाव आणि नव्यांवर दुसरे असेल तर एकाच नावाने काढलेली बाकी अपुरी निघेल. दोन्ही नावांच्या वेगळ्या बेरजा करून मिळवाव्यात, तर ज्या खान्यात दोन्ही नावे लिहिली आहेत ती रक्कम दोनदा धरली जाईल. अशा वेळी ऑर हे सूत्र वापरून 'हे किंवा ते' असा एकच प्रश्न विचारावा.

कराच्या बाबतीत तर 'शब्द आहे का' एवढे विचारून भागतच नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्याचा नोंदणी क्रमांक १५ अक्षरांचा असून पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. मिरज-जतकडील व्यापाऱ्यांचा कर्नाटकाशी रोजचा संबंध. आता क्रमांकात कोठेही २७ आहे का असे विचारले, तर ज्या कर्नाटकी पार्टीच्या क्रमांकात मध्येच २७ येतात तीही महाराष्ट्राची ठरेल. येथे लेफ्ट या सूत्राने डावीकडचे दोनच अंक घेऊन तपासले पाहिजेत.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला आयकराची जोड दिली. मुदत टळून ३१ मार्चला बाकी राहिलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. ज्या वर्षी ती चुकती होईल, त्या वर्षी धरता येते. म्हणून आपल्या पुरवठादारांत असे कोण आहेत याची यादी प्रत्येक पेढीने ठेवणे भाग आहे. उद्यम नोंदणीचा क्रमांक इंग्रजीतील 'उद्यम' या शब्दानेच सुरू होतो, त्यामुळे सूत्राने पहिली चाळण होते. पण ती पहिलीच चाळण. हा क्रमांक मध्यम उद्योगाकडेही असतो. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही तो मिळतो, पण त्यांना ही मुदत लागू होत नाही. तेव्हा 'होय' आले म्हणून थांबू नये. प्रमाणपत्र मागवून वाचावे.

व्यापारी बांधवांना आमची सूचना एवढीच आहे. नाव, गाव आणि नोंदणी क्रमांक यांना निरनिराळे रकाने द्यावेत. गावांची नावे मूळ रूपात, एकाच लिपीत आणि एकाच तऱ्हेने लिहिण्याचा नियम पेढीवर लावावा. आणि महिन्यातून एकदा मालकाने स्वतः बसून 'नाही' आलेल्या ओळी नजरेखालून घालाव्यात, कारण चुकलेले नाव नेहमी तेथेच दडलेले असते. विट्याचा चार मागांचा धनी आपल्या पैशाची वाट पाहत असेल आणि त्याचे नाव केवळ एका मात्रेच्या फरकाने यादीतून गळले असेल, तर त्याची जबाबदारी सूत्रावर ढकलता येणार नाही. ती पेढीच्या धन्याचीच राहील.