हरवलेल्या चवीचा माग

टोमॅटो दिसतो लालबुंद, पण त्याला पूर्वीची चव नाही, ही गृहिणींची तक्रार आता विज्ञानानेही ग्राह्य धरली आहे. देठाजवळची गडद हिरवी छटा जाऊन फळ सर्वत्र सारखे पिकावे, म्हणून पैदासकारांनी अनेक दशके एक विशिष्ट गुण वाणांमध्ये रुजविला. या गुणाच्या मुळाशी एक निकामी झालेले जनुक आहे आणि त्यामुळेच फळातील साखरही घटते, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. डोळ्यांच्या सुखाची किंमत जिभेने मोजली!

अशा हानीचा माग काढण्याचे साधन म्हणजे जनुकीय मार्कर, अर्थात गुणसूत्रावरील ओळखखूण. इष्ट जनुकालगतची खूण सापडली की, कोवळ्या रोपाच्या पानावरूनच भावी फळाच्या गुणांचा अंदाज बांधता येतो. या परीक्षेत परक्या जीवाचे जनुक रोपात घातले जात नाही. त्यामुळे जनुक-परिवर्तित बियाण्यांवरील आक्षेप या तंत्रावर लादणे अन्यायाचे ठरेल.

लागवडीखालील व वन्य मिळून ७२५ टोमॅटोंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाण मानलेल्या वाणात नसलेली ४,८७३ जनुके त्यात आढळली. माणसाने निवड करताना किती गमावले, याचा हा हिशेब आहे. मात्र वन्य वाण जपलेले असतील, तरच ही तूट भरून निघू शकते.

टोमॅटोचे मूळ दक्षिण अमेरिकेतले; परंतु २०१२ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या जनुकसंच-वाचनात पाचव्या गुणसूत्राचे काम भारतीय शास्त्रज्ञांनी केले. गुणवत्तेची वाण येथे नाही. प्रश्न आहे तो दिशेचा. नारायणगाव वा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात आकार, रंग आणि टिकाऊपणा यांना भाव मिळतो. चवीला भाव नसेल, तर शेतकऱ्याने ती का पिकवावी? खासगी बियाणे कंपन्याही बाजाराचाच कौल पाहणार. म्हणूनच चव आणि वैविध्य यांचे दायित्व सरकारी संशोधन संस्थांनी स्वीकारले पाहिजे.

२००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्काला मार्करच्या पुराव्याची जोड मिळाली, तर परसातील वाणाचीही ओळख निर्विवाद राहील. जे नोंदले जात नाही, ते नकळत नष्ट होते. आणि एकदा नष्ट झालेले बीज कोणतीही प्रयोगशाळा परत देऊ शकत नाही.