कॉकपिटमधली बाई

2014 साली मेसच्या टीव्हीवर स्टार प्लसची 'एअरलाइन्स' मालिका पाहिली. नायिका अनन्या रावत वैमानिक, आणि बाईने विमान चालवणं म्हणजे जणू आक्रीतच! अहो, 1985 मध्येच आपल्या कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी सगळ्या महिलांचा क्रू घेऊन कलकत्त्याहून सिलचरला फोकर विमान नेलं होतं. सिम्युलेटरची परीक्षा, ठरलेली मेडिकल, पहाटेची ड्यूटी, खरं नाट्य तिथे असतं. मालिकांना मात्र हवी असतात प्रेमप्रकरणं.

पण मंडळी, एकट्या टीव्हीवाल्यांनाच का झोडपायचं? आमच्या खडकवासल्याच्या एनडीएत मुलींची पहिली तुकडी आली ती 2022 मध्ये. 'मुली इथे टिकतील का?' यावर कॅडेट असताना आम्ही पोट धरून हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते.