तलावातला गाळ आणि शोधाचा क्रम

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातल्या शेतकऱ्याने ‘मालगुजारी तलावातील गाळ’ असे टाइप करून सरकारी कागदपत्रे शोधली, तर आधी काय दिसावे? गाळ शेतात नेण्याचे नियम सांगणारे दोन पानी परिपत्रक, की कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची माहिती देणारे जाडजूड गॅझेटियर? शेतकऱ्याला परिपत्रक हवे. १९५१ मध्ये मालगुजारी ही जमीन महसुलाची पद्धत गेल्यावर तलावांचे काय झाले हे तपासणाऱ्या अभ्यासकाला गॅझेटियर. दोघांचीही गरज खरी आहे, म्हणूनच निकालांचा क्रम लावण्याची पद्धत बदलता आली पाहिजे. ल्युसीन या मुक्त स्रोत शोधप्रणालीत ही मोकळीक २०१२ च्या चौथ्या आवृत्तीत आली. तोवर एकच सूत्र तिच्यात घट्ट बसवलेले होते. मग बीएम२५ सारख्या पद्धती निवडता येऊ लागल्या. बीएम२५ मध्ये लांबलचक मजकुराचे गुण किती कापायचे हे शून्य ते एकमधल्या एका आकड्यावर ठरते. तो सहसा ०.७५ असतो. परिपत्रक वर जाईल की गॅझेटियर, हे बरेचसे त्यावर अवलंबून असते.

तज्ज्ञांनी ठरवलेला आकडा आपण कशाला हलवायचा, असे कोणी विचारेल. पण तो मुख्यतः इंग्रजी मजकुरावरच्या प्रयोगांतून आला आहे. याहून वजनदार आक्षेप असा, की मराठीत आधी प्रत्यय सांभाळा, क्रमाचे नंतर पाहू. भंडारा, भंडाऱ्यात, भंडाऱ्याचा हे यंत्राला तीन वेगळे शब्द वाटतात. स्वित्झर्लंडमधील डोलामिच आणि सावॉय यांच्या २०१० च्या अभ्यासात प्रत्यय नीट छाटल्यावर मराठी शोध सुमारे ४२ टक्क्यांनी सुधारला. हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्याच अभ्यासात हिंदी, बंगाली आणि मराठीसाठी बहुधा सरस ठरलेली क्रमपद्धती ल्युसीन वापरणाऱ्यांना पुढची दोन वर्षे सहज निवडता येत नव्हती. प्रत्ययांचे काम झाले तरी ही अडचण उरलीच असती.

क्रम बदलण्याच्या किल्ल्या हाती आल्या की कार्यालये नकोसे कागद तळाला ढकलतील, ही भीतीही रास्त आहे. बंद प्रणालीत ते आजही करता येते, आणि कोणाला कळतही नाही. तेव्हा सेटिंग जाहीर करावे आणि भंडाऱ्यातल्याच प्रश्नांवर तपासावे. भारतीय भाषांतील शोध तपासणाऱ्या २००८ च्या ‘फायर’ चाचणीत पन्नास प्रश्न पुरले होते. तेवढे इथे मच्छीमार संस्था, धान उत्पादक आणि शिक्षक सहज देतील. कोणता निकाल उपयोगी, हेही त्यांनीच ठरवावे. त्यांत नवेगावबांध तलावाचा प्रश्न जरूर असावा. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तो तलाव तिकडे गेला, पण त्या तलावाचे जुने कागद भंडाऱ्याच्याच नावाने आहेत. ‘नवे ते आधी’ असा नियम लावला, तर पहिल्यांदा तेच खाली जातील.